खाली उतरलेली बरड

दोन हजार चौदा साल होतं आणि माझं वय सहासष्ट. आमचा पोरगा दिनेश गोंदियाहून छोटा हत्ती भाड्याने घेऊन आला होता. गाडी अंगणात उलटी लावून हॉर्न देत होता, जसं काही आम्ही बहिरे. सामान फार नव्हतं. पलंग, धानाची कोठी, दोन ट्रंका, आणि बुढीने, म्हणजे माझ्या बायकोने, मांडीवर घेतलेला कुकर. नांगर मी सगळ्यात शेवटी आणला.

"बाबूजी, नांगर कायले? तिथं टाइल्स आहेत," दिनेश म्हणाला.

"टाइल्स तुझ्या. नांगर माझा," मी म्हटलं आणि चढवला.

गावाच्या वळणावर माझी लहान बहीण रेवंता उभी होती. तिला आम्ही गावातच दिलेली, त्यामुळे तिची धानाची बांधी माझ्या जमिनीच्या बरोबर खाली. धान लावायच्या रोवणीचे दिवस होते, तिचे हात कोपरापर्यंत चिखलात. गाडी थांबली नाही, नुसती हळू झाली. अशा वेळी लोक रडतात, जपून जा म्हणतात. ही म्हणाली, "वरचे धुरे कोन पाहिन गा दादा?"

"येतोच," मी म्हटलं.

माझी माय सांगायची की गाव सोडणाऱ्याने 'जातो' म्हणावं. 'येतोच' म्हणून कोणाला दाराशी बसवून ठेवू नये. पण तोंडातून निघून गेलं, आणि गाडी पुढे गेली.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहून राहिलो, आणि माझ्यासारखं उठून ज्यांनी नागपूर, रायपूर, हैदराबाद, सुरत धरली त्यांच्यासाठीही. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो. पुढे मास्तरपेक्षा बैल बरे वाटले. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पाहत बसू नका. सूनबाई म्हणाली, "बाबूजी, मोबाइल में बोलो, वो खुद लिख देगा." मी म्हटलं, जो माझं ऐकून लिहितो तो आणखी कोणाला सांगत नसेल कशावरून? म्हणून पेनाने लिहितो.

आमचं गाव कोसमटोला. सालेकशाला रेल्वेतून उतरायचं आणि जंगलाच्या कडेकडेने जायचं. माझा आजा वैनगंगेपलीकडून उठून तिथे आला तेव्हा तो नुसता उतार होता. त्याने दगड वेचले, उतारावर एकाखाली एक धुरे, म्हणजे बांध, घातले आणि पायऱ्यांसारख्या बांध्या केल्या. आमच्याकडे चहूबाजूंनी धुरा घालून पाणी कोंडलेल्या धानाच्या तुकड्याला बांधी म्हणतात, आणि जिथे पाणी थांबत नाही, मुरूम वर आलेला असतो, ती बरड. आज्याने बरडीची बांधी केली. माझ्या देखत बांधीची परत बरड झाली. वरचं जंगल विरळ झालं. कोणी तोडलं ते विचारू नका, सगळ्यांच्याच चुली पेटत होत्या. पाणी अंगावर येऊ लागलं, धुरे फुटू लागले. एक बांधला की दुसरा फुटायचा. त्या साली पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार होते, पण लावायला वर चिखलच उरला नव्हता. पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडले. पिवळे पऱ्हे पाहिल्यावर मी दिनेशला फोन केला. बस, एवढंच. कोणी मला हाकललं नाही, मी कोणाला भ्यालो नाही.

आता गोंदियाला लागूनच्या फुलचूरला आहे. दिनेशचं पंप-मोटरी बांधून देण्याचं दुकान आहे, घर दोन मजली आहे, आणि त्यात माझी स्वतःची खोली आहे ज्यात पंखा माझ्या मर्जीने चालत नाही, रिमोटच्या मर्जीने चालतो. सूनबाई बालाघाटची. पोरगी चांगली आहे, पण चपलेवर तिची फार नजर. "बाबूजी, चप्पल बाहर." जन्मभर पायाला चिखल लावून घरात आलो तर माय म्हणायची, लक्ष्मी आली. इथे लक्ष्मीला पायपुसणं ओलांडू देत नाहीत. दूध पिशवीत येतं, कोणत्या गाईचं ते कोणालाच ठाऊक नाही. बँकेतून पोरगी फोन करते आणि माझ्याच वाढदिवसाची तारीख मला विचारते. मी सांगत नाही. तिला कशाला पाहिजे?

एक दिवस दारात पार्सल आलं. सूनबाईने फोडलं. आत प्लास्टिकच्या थैलीत माती. कुंड्यांसाठी मागवलेली. विकत! थैलीवर फुलाचं चित्र आणि इंग्रजी. मी बोटांनी चोळून पाहिली, वास घेतला. काळी होती, हलकी होती, पण कुठली होती ते थैलीवर कुठेच नव्हतं. मी बुढीला म्हटलं, "ही कोनाच्या तरी वावरातून गेलेली माती आहे." बुढी म्हणाली, "तुमाले सगळ्यातच चोर दिसते." बरं, दिसतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही हे मात्र खरं.

माझा बाप दोन गोष्टी शिकवून गेला. जो तुझ्या जमिनीची तारीफ करते त्याच्यापासून चार हात दूर राय. अन् जो फुकट काही देते त्याच्यापासून आठ हात. त्या बापाचा मी पोरगा. म्हणून यंदा मोह फुलायच्या दिवसांत रेवंताचा फोन आला, तेव्हा मी आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

"विदेशी लोक येऊन रायले गा दादा, तुझ्या बरडीवर," ती म्हणाली.

"कायले?"

"माती थांबवाले."

"कोनाची माती?"

"तुझी. वरून खालपर्यंत खड्डे खंदतात, झाडं लावतात. पैसा तिकडच्या देशाचा. पन तू हो म्हटल्याशिवाय वरून सुरू होत नाई, अन् वरून सुरू नाई झालं त खाली कोनाचंच होत नाई. सभा आहे. ये."

"मी नाही म्हटलं तर?"

"ये त आधी," म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

सात समुद्रापलीकडचा देश माझ्या मुरमावर पैसा का लावेल? तुम्हीच सांगा. मागे एक योजना आली होती. खड्डे झाले, रोपं लागली, फोटो निघाले, रोपं शेळ्यांनी खाल्ली. शेळ्यांचा फोटो कोणी काढला नाही. पण ती तरी आपल्या माणसांची होती. ही बाहेरची. माझ्या डोक्यात सगळं येऊन गेलं. खाली कोळसा असेल, लोखंड असेल, झाडं लावून नंतर म्हणतील झाडं आमची, मग झाडाखालची सावली आमची, मग सावलीखालची जमीन. दिनेश म्हणाला, "बाबूजी, असं नसते. देशादेशांचा करार आहे, जमीन खराब होऊ द्यायची नाही म्हणून." मी म्हटलं, "करारात माझी सही आहे?" तो दुकानात निघून गेला.

सालेकशाला उतरलो, ऑटो केला, आणि रेवंताच्या घरी न जाता सरळ बरडीवर गेलो. तिथे जीप होती. टोपीवाली एक गोरी बाई फोटो काढत होती. हे काम करणाऱ्या संस्थेची पोरगी भाग्यश्री, अर्जुनीकडची, हातात पाण्याची बाटली. दिल्लीहून आलेला एक चष्मेवाला दुभाष्या. आणि मधोमध उकिडवा बसलेला एक काळा, उंच, पांढरी दाढी असलेला माणूस. पायात रबरी चप्पल. मी सुटाबुटातला माणूस शोधत होतो, हा तर आमच्या तेंदूपत्त्याच्या फडीवरचा वाटत होता.

"बाबाजी, हे इद्रिसा," भाग्यश्री म्हणाली. "आफ्रिकेतल्या नायजर देशाचे. स्वतः शेतकरी आहेत. तिथे यांच्या गावाने पार पडीक झालेली जमीन परत हिरवी केली. आपल्याकडे दाखवायला आलेत, आणि आपलं पाहायलाही."

"आपलं काय पाहायला?"

"वाळवंटीकरण थांबवायला आपण—"

"थांब पोरी," मी म्हटलं. "वाळवंट म्हणजे उंट. मी चार महिने मांडीभर चिखलात राहणारा माणूस. इथे वाळवंट कुठलं? की असं नाव लावलं म्हणजे पैसा सुटतो?"

ती हसली नाही, हे बरं केलं. म्हणाली, "नाव मोठं आहे, बाबाजी, खरं आहे. पण पाऊस पडूनही माती टिकत नसेल तर त्या नावात तीही बसते."

दुभाष्याने आमचं बोलणं त्या इद्रिसाला त्याच्या भाषेत सांगितलं. त्याने ऐकलं, भाग्यश्रीच्या हातातली बाटली मागितली आणि माझ्या बरडीवर पाणी ओतलं. पाणी आत गेलं नाही. सापासारखं वळत खाली पळालं, जाताजाता धूळ घेऊन. तो काहीतरी बोलला.

"ये कह रहे हैं," दुभाष्या म्हणाला, "हमारे यहाँ बारिश कम है, आपके यहाँ ज़्यादा. लेकिन ज़मीन दोनों जगह पीना भूल गई है."

वाक्य चांगलं होतं. चांगल्या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. मी म्हटलं, "याला विचारा, झाड लागलं तर कोणाचं?"

"तुमचंच," भाग्यश्री म्हणाली.

"तुला नाही, त्याला विचारलं."

इद्रिसाने प्रश्न ऐकला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. दुभाष्याने सांगितलं की हाच प्रश्न त्याच्या गावानेही सगळ्यात आधी विचारला होता. त्यांच्याकडे पूर्वी झाड सरकारचं होतं, म्हणून कोणी जपत नव्हतं. झाड शेतकऱ्याचं झालं तेव्हापासून जगू लागलं.

मी मान हलवली नाही. पण ऐकलं.

मग त्याने कुदळ मागितली. कुदळ धरताना माणूस खोटं बोलू शकत नाही, म्हणून मी पाहत राहिलो. त्याने धरली ती बरोबर धरली. उतारावर अर्ध्या चंद्रासारखा खड्डा खणला, तोंड वरच्या बाजूला, आणि निघालेली माती खालच्या कडेला पाळीसारखी रचली. वरून येणारं पाणी त्या ओंजळीत थांबेल, मातीही थांबेल, मग त्यात बी टाका, झाड लावा, असं ते काम. घाम गाळून करत होता. गोरी बाई फोटो काढत होती, तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"तुमच्या रेतीत चालत असेल," मी म्हटलं. "आमची झडी लागली म्हणजे तीन-तीन दिवस थांबत नाही. पहिल्या झडीत तुझा चांद फुटेल."

त्याने दगड उचलून पाळीच्या दोन्ही टोकांना दाबून दाखवले. इथून जास्तीचं पाणी निघून जाईल, म्हणाला. मी म्हटलं, पाहू. तो म्हणाला, पाहू. हे मात्र दुभाष्याविना कळलं.

खड्डा पुरा झाला, त्याने कुदळ खाली ठेवली, आणि तिथेच घोळ झाला.

आमच्याकडे सावड चालते. माझ्या रोवणीला तू ये, तुझ्या रोवणीला मी येतो. मजुरी नाही, हिशेब नाही, पण विसरणंही नाही. जो दुसऱ्याच्या वावरात कुदळ उचलतो, त्याच्या वावरात आपण गेलोच पाहिजे. नाही गेलो तर तो माणूस काही म्हणत नाही, गावच म्हणतं. माझ्या बापाला ताप असताना तो सावड फेडायला गेला होता. म्हणजे आता या नायजरवाल्याने माझ्या जमिनीवर घाम गाळला होता आणि मला त्याच्या वावरात जाणं भाग होतं. सत्त्याहत्तर वय माझं. पासपोर्ट नाही. तिकडे मी कधी जाणार? याचा अर्थ काय, तर मी या माणसाच्या उपकारात मरायचं. हेच तर बाप सांगून गेला होता. फुकट देणाऱ्यापासून आठ हात.

मी कुदळ उचलली आणि तो खड्डा बुजवून टाकला.

पाळ मोडली, माती आत ओढली, वरून पायाने दाबली. गोऱ्या बाईचा कॅमेरा खाली गेला. भाग्यश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, उन्हाने असेल नाहीतर. इद्रिसा नुसता पाहत होता, रागावला नाही. दुभाष्या म्हणाला, "बाबूजी, ये क्या किया आपने?"

"सावड परत केली," मी म्हटलं. "जेवढं खणलं तेवढं भरलं. आता कोणाचं कोणाकडे काही नाही."

तेवढ्यात रेवंता वर चढून आली. मोहफुलं वेचायला गेलेली, टोपली डोक्यावर. तिने बुजवलेला खड्डा पाहिला, माझ्या हातातली कुदळ पाहिली, टोपली उतरवली. माझी बहीण बारीक आहे, पण आवाज बापावर गेलाय.

"काऊन गा दादा? काऊन बुजवलास?"

मी तिला सावडीचं सांगितलं. बापाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बापाची रीत संभाळून रायला," ती म्हणाली. "बरं करून रायला. चाल आता माझ्यासंगं."

"कुठे?"

"चाल मनलं ना."

तिने मला खाली तिच्या बांधीत नेलं. सगळे मागे मागे आले. मी त्या बांधीत लहानपणापासून चाललो आहे. काळी, गुळगुळीत माती, उन्हाळ्यात भेगा पडल्या तर त्यात हात जायचा. आता वरच्या अंगाने पंख्यासारखा पिवळा मुरूम पसरला होता. पार मधापर्यंत. काठाला तर धुरा आणि बांधी एकच झालं होतं. लाखोळीचं पीकही त्याच्या अलीकडेच थांबलेलं.

"हा मुरूम कोनाचा?" रेवंता म्हणाली.

मी वर माझ्या बरडीकडे पाहिलं.

"दरसाल येते. दरसाल मी काढतो, अन् दरसाल येते. तू मनत होता 'येतोच'. तू नाई आलास, हा आला." ती वाकली, मूठभर मुरूम उचलला आणि माझ्या हातात कोंबला. "तू एकटाच नाई गेलास गा दादा गावातून. तुझी बरड बी उठून निंगाली. तू फुलचूरले गेलास, ते माझ्याकडं रायले आली. तिले मी बोलावलं होतं का? याची सावड कोन फेडन, सांग. याच्यात बापाची रीत का मनते?"

मी म्हटलं, "पाणी खाली वाहते, त्यात माझा काय गुन्हा?"

"गुन्हा कोन मनते? बांधी माझी जाऊन रायली. दोन पावसाळे आखीन, मंग मी बी दिनेशले फोन करतो. मले बी एक टाइल्सवाली खोली पाहून ठेव."

हे तिने हसत म्हटलं, पण हसणं खरं नव्हतं. तिला फुलचूरला कोंडलेली मी डोळ्यासमोर आणून पाहिली. रिमोटच्या पंख्याखाली. आली नाही डोळ्यासमोर.

दुभाष्या हळू आवाजात सगळं त्या इद्रिसाला सांगत होता. सावड म्हणजे काय ते सांगायला त्याला फार वेळ लागला. समजलं तेव्हा इद्रिसा मोठ्याने हसला आणि मग हसणं आवरून बोलू लागला. त्यांच्याकडेही एकमेकांच्या शेतात असंच जातात. त्याचा धाकटा भाऊ समुद्रकाठच्या शहरात गेला, त्याच्या सोडलेल्या शेताची रेती आता इद्रिसाच्या झोपडीच्या दाराशी येऊन बसते. भाऊ पैसे पाठवतो, रेतीही पाठवतो.

मी त्याला सरळ विचारलं, "मग तू इतक्या दूर कायले आलास? आपलं वावर सोडून? खरं सांग."

त्याने उत्तर दिलं. दुभाष्याचा चेहरा अवघडल्यासारखा झाला, तरी त्याने सांगितलं. "कह रहे हैं, टिकट उन लोगों ने दिया इसलिए आया. अपने पैसे से नहीं आता. और हवाई जहाज़ देखना था."

सकाळपासून एवढे लोक माझ्याशी एवढं गोड बोलले, त्यात हे पहिलं वाक्य मला पटलं. पुढे तो म्हणाला की आणखी एक कारण आहे. तुमच्या गावाखाली ती बोडी आहे, लहान तळं, ज्यात वरचं पाणी साठतं आणि उन्हाळ्यात गाळ काढून वावरात नेतात. आमच्याकडे वर चंद्र आहेत, खाली काहीच नाही. पाणी वाचलं तरी शेवटी जातं. ते मला पाहायचंय. पाळ कशी घालता ते कोणीतरी दाखवा.

"म्हणजे तू घेऊनही जाणार," मी म्हटलं.

"घेऊन जाणार," तो म्हणाला.

मग मला जरा श्वास आला. देणारा माणूस मला समजत नाही. देणारा-घेणारा समजतो. दुपारी मी त्याला बोडीवर नेला, आमच्या पाळीचा पाया दाखवला, चिकणमाती पायाने कशी तुडवायची, दर थराला कसं पाणी मारायचं ते दाखवलं. तो चप्पल काढून तुडवू लागला. बायका काठावर उभ्या राहून हसत होत्या. एक म्हणाली, "मामाजी, पावना त रोवणीले ठेवून घ्या." तो काय समजला देव जाणे, त्याने हात जोडले.

पण म्हणून मी विरघळलो असं कोणी समजू नका. समाजमंदिरात सभा बसली. सरपंचबाईंनी प्रस्तावना केली, भाग्यश्रीने भिंतीवर चित्रं दाखवली. सगळे माझ्याकडे वळून वळून पाहत होते. माझ्या गावात मी दहा वर्षांनी बसलो होतो आणि सगळा उतार माझ्या एका शब्दावर थांबलेला. हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

उठलो आणि म्हटलं, सगळी बरड देत नाही. रेवंताच्या बांधीच्या वरचा पट्टा, तेवढाच. पाऊस पाहीन, मग पुढचं. झाडं माझी, हे आज सगळ्यांसमोर बोला. पाटी लावायची नाही. माझ्या जमिनीवर कोणत्याही देशाचं नाव नको, आपल्या देशाचंही नको, तिला ठाऊक आहे ती कुठे आहे. आणि माझ्या पट्ट्यात मजूर मी सांगेन ते, गावचे.

"पाटी नाही लावली तर वर अहवालात अडचण होईल, बाबाजी," भाग्यश्री म्हणाली.

"मग अहवालात लाव पाटी."

लोक हसले. ती दुभाष्याशी बोलली, दुभाष्या गोऱ्या बाईशी, गोरी बाई फोनवर कोणाशी तरी. बऱ्याच वेळाने मान हलली. का हलली, कोण जाणे. इतक्या लवकर कोणी माझं ऐकतं तेव्हा मला परत शंका येते. अजूनही येते. त्या पैशाचा उगम कुठे आणि संगम कुठे हे मला आजही कळलेलं नाही, आणि ज्यांनी समजावलं त्यांनाही पुरतं कळलं असेल असं वाटत नाही.

रेवंता सभेत एक शब्द बोलली नाही. बाहेर पडताना फक्त म्हणाली, "जेवाले ये. भाजी कडू झाली त बोलू नको." भाजी कडूच होती. मी बोललो.

तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, तुम्हाला लोक विचारत असतील, गाव म्हणजे आता काय उरलं? आधार कार्डावर फुलचूर आहे. दवाखाना फुलचूरला, बुढीच्या गोळ्या फुलचूरला, नांगर फुलचूरच्या जिन्याखाली. गावच्या माझ्या घरात आता दुसऱ्याचा भुसा आहे. तरी मला वाटतं, जिथे कोणीतरी तुमच्या हातात तुमचीच माती कोंबून तुम्हाला हक्काने झाडू शकतं, ती जागा तुमची. फुलचूरला माझ्यावर कोणी रागावत नाही. सगळे सांभाळून घेतात. सांभाळून घेतलेल्या माणसाचं घर नसतं, खोली असते. आणि जे गावात राहिलात, त्यांना एवढंच सांगतो की आम्ही गेलो म्हणजे आमचं ओझं गेलं असं नाही. आमचं काय काय तुमच्या बांधीत येऊन साचलं असेल ते आम्हाला तिकडून दिसत नाही. दाखवल्याशिवाय दिसणार नाही. तेव्हा दाखवा. आवाज चढवून दाखवा.

बुढीला फोन केला की आज गाडीने येत नाही. ती म्हणाली, "मले ठाऊक होतं." तिला नेहमी सगळं ठाऊक असतं, नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप यायच्या आधी मी उठलो. रेवंता मोह वेचायला निघून गेली होती. तिच्या ओसरीतली कुदळ आणि टोपलं घेतलं. आधी बरडीवर एक फेरी मारून आलो, रात्रीतून कोणी खुंट्या तर ठोकल्या नाहीत ना ते पाहायला. नव्हत्या. मग तिच्या बांधीत उतरलो, वरच्या काठाचा मुरूम खरवडून टोपलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि उतार चढलो. वर माझ्या बरडीवर जाऊन ओतलं. परत खाली आलो.